वाचून दाखवलेली चित्रे

मराठीत ‘वाचून दाखवणे’ असा एक अर्थपूर्ण शब्दप्रयोग आहे. वाचणारा वस्तुतः ऐकवीत असतो. पण आपली भाषा म्हणते, की तो दाखवतो. ज्याला स्वतः वाचता येत नाही, किंवा ज्याच्या हाती कागदच आलेला नाही, अशा माणसाला आपले डोळे उसने देणे हा या प्रयोगाचा गाभा आहे. पोथी, पत्र, वर्तमानपत्र यांच्या बाबतीत आपण तो सहज वापरतो. परंतु चित्र वाचून दाखवता येईल काय? आणि तेही समोर नसलेल्या, घरोघरी विखुरलेल्या मुलांना?

जुलै १९४५ मध्ये न्यूयॉर्क शहराचे महापौर फिओरेल्लो ला ग्वार्डिया यांनी नेमके हेच केले. वर्तमानपत्रांच्या वितरकांचा संप चालू असताना त्यांनी रविवारच्या चित्रमालिका रेडिओवरून मुलांना वाचून दाखवल्या. अमेरिकेत ही घटना एका हौशी महापौराची गंमत म्हणून आजही सांगितली जाते. आमच्या मते ती गमतीपुरती नाही. मुलांना कोण वाचून दाखवतो आणि कशासाठी, हा त्या काळच्या रेडिओपुढचा एक मोठा प्रश्न होता, आणि त्या प्रश्नाला मिळालेले एक वेगळे उत्तर म्हणून या घटनेकडे पाहिले पाहिजे. त्यासाठी प्रथम पन्नास वर्षे मागे जाणे आवश्यक आहे.

१८९५ साली जोसेफ पुलित्झर यांच्या ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात रिचर्ड आउटकॉल्ट यांची चित्रे येऊ लागली. दाटीवाटीच्या गरीब वस्तीतला एक टकला, लांब झगा घातलेला पोरगा हे त्यांचे प्रमुख पात्र. झग्याच्या रंगावरून लोक त्याला ‘यलो किड’ म्हणू लागले. १८९६ मध्ये विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांनी जास्त पैसे देऊन आउटकॉल्ट यांना आपल्या ‘जर्नल’मध्ये ओढून नेले. दोन धनाढ्य मालकांच्या या चढाओढीतून रविवारच्या रंगीत पुरवणीचे महत्त्व एकदम वाढले. १८९७ साली रुडॉल्फ डर्क्स यांची ‘कॅट्झेनजॅमर किड्स’ सुरू झाली. १९०७ साली सॅन फ्रान्सिस्कोत बड फिशर यांची ‘मट अँड जेफ’ ही मालिका निघाली आणि चित्रमालिका रविवारपुरती न राहता रोजची झाली. पुढे १९१७ साली सिडनी स्मिथ यांच्या ‘द गम्प्स’ने रोजच्या विनोदाच्या जागी सलग चालणारी कौटुंबिक कथा रुळवली.

हा शेवटचा बदल आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. विनोद एका दिवसात संपतो; कथा मात्र उद्यावर लांबते. ‘उद्या काय होणार?’ हा प्रश्न एकदा मुलाच्या मनात रुजला, की ते मूल त्या वर्तमानपत्राचे गिऱ्हाईक झाले. पैसे वडील मोजत असले, तरी अमुकच पत्र घरात यावे हा हट्ट मुलाचा असे. न्यूयॉर्कसारख्या स्थलांतरितांच्या शहरात तर असंख्य घरांत आईबापांची भाषा एक आणि वर्तमानपत्राची दुसरी, अशी स्थिती होती. अक्षरे न कळणाऱ्यांना चित्रे कळत. आणि फुग्यांतली वाक्ये घरातले शाळकरी भावंड इतरांना वाचून दाखवी. चित्रमालिका ही मुळातच एकट्याने नव्हे, तर मिळून वाचण्याची वस्तू होती.

२ नोव्हेंबर १९२० रोजी पिट्सबर्गच्या ‘के.डी.के.ए.’ या केंद्राने अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल प्रसारित केले आणि अमेरिकेत नियमित नभोवाणीचे युग सुरू झाले. सहा वर्षांच्या आतच रेडिओने चित्रमालिकेकडे हात पसरला. ‘शिकागो ट्रिब्यून’च्या मालकीचे ‘डब्ल्यू.जी.एन.’ हे केंद्र होते. आपल्याच पत्रातील ‘द गम्प्स’ रेडिओवर आणावी, अशी कल्पना केंद्राच्या चालकांनी फ्रीमन गॉस्डेन आणि चार्ल्स कॉरेल या दोन कलावंतांपुढे मांडली. त्यांनी ती मालिका घेतली नाही, परंतु रोज थोडीथोडी पुढे सरकणारी कथा हे तिचे तत्त्व मात्र उचलले. १२ जानेवारी १९२६ रोजी त्यांची ‘सॅम अँड हेन्री’ सुरू झाली. तिचाच पुढचा अवतार म्हणजे १९२८ सालची अफाट लोकप्रिय ‘एमॉस अँड अँडी’. गोऱ्या नटांनी कृष्णवर्णीयांच्या बोलीची नक्कल करून मिळवलेल्या या लोकप्रियतेवर वंशभेदाचा डाग आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. पण रेडिओवरील धारावाहिक कथेचा उगम वर्तमानपत्राच्या चित्रचौकटीत आहे, ही गोष्टही तितकीच खरी.

यानंतर खुद्द चित्रमालिकाच रेडिओवर उतरू लागल्या. हॅरॉल्ड ग्रे यांची ‘लिट्ल ऑर्फन अ‍ॅनी’ ही अनाथ मुलीची कथा ५ ऑगस्ट १९२४ पासून न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’मध्ये येत होती. १९३० साली ती शिकागोच्या रेडिओवर आणि १९३१ मध्ये देशव्यापी जाळ्यावर आली. पूर्व-पश्चिम किनाऱ्यांना जोडणाऱ्या प्रसारण-तारांची सोय तेव्हा पुरेशी नसल्याने प्रारंभी शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्को येथे दोन वेगळे नटसंच एकच संहिता सादर करीत. कार्यक्रमाचा खर्च ओव्हलटिन कंपनी करी. ओव्हलटिनच्या डब्याचे सील पाठवणाऱ्या मुलांना १९३५ पासून सांकेतिक लिपी उलगडणारे बिल्ले मिळू लागले. दिवसाच्या भागाअखेर निवेदक आकडे सांगे आणि मुले ते बिल्ल्याच्या साहाय्याने सोडवीत. गुप्त संघटनेचे सभासद झाल्याचा आनंद मुलांचा, आणि विक्री कंपनीची! १९३२ मध्ये ‘बक रॉजर्स’, १९३४ मध्ये ‘डिक ट्रेसी’, १९३५ मध्ये ‘पॉपाय’ अशी ही रांग वाढत गेली.

ही रूपांतरे म्हणजे नाटके होती. वर्तमानपत्र समोर धरून त्यातली चित्रे जशीच्या तशी वाचून दाखवणे हा याहून साधा प्रकार. न्यूयॉर्क परिसरात ‘डब्ल्यू.ओ.आर.’ केंद्रावर १९२८ ते १९४७ या काळात डॉन कार्नी हे ‘अंकल डॉन’ या नावाने मुलांचा कार्यक्रम करीत. गाणी, गोष्टी, चांगल्या सवयींचा उपदेश आणि जाहिराती यांचे ते मिश्रण असे. मुलांच्या वाढदिवसाची माहिती पालक आधीच पत्राने कळवीत. मग काका रेडिओवरून त्या मुलाचे नाव घेऊन सांगत, की तुझी भेटवस्तू घरात अमुक ठिकाणी लपवली आहे. ती तेथेच सापडली, की मुलाला हा आवाज सर्वज्ञ वाटे! हे काका रविवारच्या चित्रमालिकाही वाचून दाखवीत. कार्यक्रम संपल्यावर ध्वनिक्षेपक बंद झाला असे समजून त्यांनी मुलांना शिवी हासडली, अशी एक दंतकथा त्यांच्याविषयी फार पसरली. तिला कोणताही विश्वसनीय आधार नाही. ती अन्य निवेदकांच्या नावावरही सांगितली गेली आहे. तरीही ती इतकी टिकली, याचे कारण शोधण्यासारखे आहे. गोड बोलणाऱ्या त्या आवाजामागे कोणीतरी पैसे मोजतो आहे, हा संशय पालकांच्या मनात होताच. दंतकथेने त्या संशयाला केवळ एक प्रसंग पुरवला.

आमच्या म्हणण्याचा रोख प्रायोजकांना दोष देण्याकडे नाही. त्यांच्या पैशातून कितीतरी मुलांच्या संध्याकाळी रंगल्या. परंतु त्या व्यवस्थेत मुलाला वाचून दाखवणाऱ्या आवाजाला त्या मुलाकडून पुन्हा काही हवे असे. या पार्श्वभूमीवर न्यूयॉर्कच्या महापौरांचे वाचन पाहिले म्हणजे त्याचे वेगळेपण ध्यानात येते.

‘डब्ल्यू.एन.वाय.सी.’ हे केंद्र न्यूयॉर्क शहराच्या स्वतःच्या मालकीचे होते. ८ जुलै १९२४ रोजी ते सुरू झाले. १ जानेवारी १९३४ रोजी ला ग्वार्डिया महापौर झाले तेव्हा महामंदीने शहराची तिजोरी रिकामी केली होती, आणि काटकसरीसाठी हे केंद्र बंद करण्याचा त्यांचा विचार होता. पुढे त्यांचे मत बदलले. इतके, की जानेवारी १९४२ पासून ते स्वतःच दर रविवारी तेथून नागरिकांशी बोलू लागले. युद्धाचा काळ होता. शिधावाटप कसे चालेल, कोणती भाजी स्वस्त आहे, कोणत्या दुकानदाराने जादा दर लावले तर काय करावे, असे घरगुती विषय हा महापौर आपल्या चिरक्या, आवेशपूर्ण आवाजात मांडत असे. ‘सबुरी आणि धैर्य’ अशा अर्थाचे दोन शब्द हा त्यांचा ठरलेला निरोप होता.

या माणसाच्या पूर्वायुष्यातील एक गोष्ट आम्हांला विशेष महत्त्वाची वाटते. ला ग्वार्डिया यांचा जन्म १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील इटलीतून आलेले, आई त्रिएस्त येथील ज्यू घराण्यातली. ‘फिओरेल्लो’ म्हणजे इटालियनमध्ये छोटेसे फूल. आणि पाच फूट दोन इंच उंचीच्या या माणसाला ते नाव शोभूनही दिसे. १९०७ ते १९१० या काळात, कायद्याचे शिक्षण घेत असताना, त्यांनी एलिस आयलंड येथे दुभाष्याची नोकरी केली. युरोपातून बोटीने आलेल्या गोरगरिबांची तपासणी तेथे होत असे. इटालियन, जर्मन, क्रोएशियन अशा भाषांत त्या भांबावलेल्या माणसांचे म्हणणे अधिकाऱ्यांना आणि अधिकाऱ्यांचे म्हणणे त्यांना समजावून देणे हे त्यांचे काम. एकाला दिसते पण दुसऱ्याला कळत नाही, अशा दोघांच्या मध्ये उभे राहण्याची सवय त्यांना तरुणपणीच लागली होती. १९४५ च्या जुलैमध्ये तीच सवय कामी आली.

शनिवार, ३० जून १९४५ रोजी दुपारी न्यूयॉर्कच्या आठ प्रमुख वर्तमानपत्रांच्या वितरकांनी संप पुकारला. तो सतरा दिवस चालला. अंक छापले जात होते, पण विक्रेत्यांपर्यंत आणि घरांपर्यंत पोहोचत नव्हते. ज्यांना अगदीच राहवेना, ते वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांपुढे रांगा लावून अंक विकत घेत. मोठ्या माणसांना निदान रेडिओवरच्या बातम्या होत्या. मुलांची मात्र पंचाईत झाली. संप नेमका शनिवारी सुरू झालेला, आणि दुसऱ्या दिवशी रविवार. म्हणजे रंगीत पुरवणीचा दिवस.

१ जुलैच्या रविवारी महापौर नेहमीप्रमाणे बोलायला बसले, आणि त्यांनी मुलांना रेडिओजवळ बोलावून चित्रमालिका वाचायला घेतल्या. पुढच्या रविवारी, ८ जुलैला, त्यांनी पुन्हा वाचन केले; या वेळी चित्रपटगृहांत दाखवल्या जाणाऱ्या वार्तापटांसाठी त्याचे चित्रणही झाले. योगायोग असा, की तो त्या केंद्राचा एकविसावा वाढदिवस होता. ‘लिट्ल ऑर्फन अ‍ॅनी’ आणि ‘डिक ट्रेसी’ या मालिका त्यांनी वाचल्या. ‘डिक ट्रेसी’ ही चेस्टर गूल्ड यांनी १९३१ साली सुरू केलेली गुप्त पोलिसाची कथा. गुन्हेगारांचे विद्रूप चेहरे आणि पाठलाग हे तिचे वैशिष्ट्य.

आता वाचणाऱ्याची अडचण ध्यानात घ्यावी. चित्रमालिकेत शब्द थोडे असतात. निम्मी कथा चित्रात असते. नुसते फुग्यांतले संवाद वाचले, तर ऐकणाऱ्याला काहीच बोध होणार नाही. आपल्याकडे पिंगुळीचे चित्रकथी पोथीतले चित्र प्रेक्षकांसमोर धरून कथा गातात. तेथे चित्र आणि आवाज एकमेकांना आधार देतात. महापौरांच्या श्रोत्यांपुढे चित्र नव्हतेच. म्हणून प्रत्येक चौकटीत काय चालले आहे ते आधी सांगायचे, मग संवाद म्हणायचे, पात्रागणिक आवाज बदलायचा, उत्कंठेच्या जागी थांबायचे, असे सर्व एकट्याने करावे लागे. ला ग्वार्डिया यांनी ते हातवारे करीत, रंगून जाऊन केले, हे वार्तापटातून आजही पाहता येते. रेडिओच्या श्रोत्यांना हातवारे दिसत नाहीत, याची त्यांना पर्वा नव्हती. ‘डिक ट्रेसी’ संपल्यावर त्यांनी मुलांना कथेचे तात्पर्यही सांगितले. पापाच्या पैशाने कधी कोणाचे भले होत नाही, त्यातून दुःख आणि अप्रतिष्ठाच पदरी येते, असा त्याचा मथितार्थ होता. लाचखोर राजकारण्यांशी आयुष्यभर झुंजलेल्या माणसाच्या तोंडी ते तात्पर्य उपरे वाटले नसावे.

यात आणखी एक विसंगती दडलेली आहे. ‘अ‍ॅनी’चे जनक हॅरॉल्ड ग्रे हे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या धोरणांचे आणि कामगार संघटनांचे कट्टर टीकाकार होते. अ‍ॅनीचा पालनकर्ता, कोट्यधीश वॉरबक्स, याला त्यांनी १९४४ मध्ये मृत्युशय्येवर निजवले आणि रूझवेल्ट यांच्या निधनानंतर १९४५ मध्ये पुन्हा जिवंत करून आणले. त्यामागचा राजकीय टोमणा वाचकांनी बरोबर ओळखला. ला ग्वार्डिया हे रिपब्लिकन पक्षाचे असूनही रूझवेल्ट यांचे जवळचे सहकारी. म्हणजे कामगारांचा संप चालू असताना, कामगार संघटनांना नावे ठेवणाऱ्या चित्रकाराची मालिका, कामगारांविषयी आस्था असणारा महापौर वाचून दाखवत होता. मालकांचे कोणते, वितरकांचे कोणते, आपल्या बाजूचे कोणते, हा हिशोब त्यांनी मुलांच्या वाट्याला आड येऊ दिला नाही. मोठ्यांच्या तंट्यात मुलांचे काही हरवले असेल, तर ते आधी परत करावे, तंटा मग मिटवावा, एवढाच साधा विचार त्यात दिसतो.

याविरुद्ध आक्षेप घेता येईल, आणि तो विचारात घेतलाच पाहिजे. ला ग्वार्डिया हे मुरब्बी राजकारणी होते; छायाचित्रकारांची त्यांना ॲलर्जी नव्हती. दुसऱ्या वाचनाला कॅमेरे हजर होते, ते काही अपघाताने नव्हे. हे खरे आहे. पण चौथ्यांदा निवडणूक लढवणार नसल्याचे त्यांनी मे महिन्यातच जाहीर केले होते. तेव्हा मतांसाठी हा खटाटोप होता असे म्हणता येत नाही. दुसरा आक्षेप असा, की जग होरपळत असताना एका महापौराने चित्रमालिका वाचत बसावे काय? युरोपातील युद्ध नुकतेच संपले होते, जपानशी चालूच होते. खुद्द त्यांची बहीण जेम्मा नाझींच्या रावेन्सब्रुक छळछावणीतून वाचून, मुलगी आणि नातवासह, त्या वेळी उद्ध्वस्त बर्लिनमध्ये होती. मेहुणे माउटहाउझेनच्या छावणीत मरण पावले होते. ज्याच्या घरापर्यंत युद्धाची झळ पोहोचली होती, त्याला मुलांचा रविवार ही क्षुल्लक बाब वाटली नाही, ही गोष्ट आम्हांला विचार करायला लावते. गंभीर काळात मुलांच्या गोष्टी आपण सर्वांत आधी बाजूला सारतो. त्यांनी तसे केले नाही.

त्या संपाचा एक शास्त्रीय अभ्यासही झाला. बर्नार्ड बेरेलसन यांनी वर्तमानपत्राविना राहिलेल्या न्यूयॉर्ककरांच्या मुलाखती घेतल्या आणि १९४९ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. जगातील घडामोडी कळण्यासाठी वर्तमानपत्र आवश्यक आहे, असे बहुतेकांनी सांगितले. परंतु नेमकी कोणती महत्त्वाची बातमी चुकली, हे थोड्यांनाच सांगता आले. अनेकांना हरवलेपणाची, पाण्याबाहेरच्या मासळीसारखी भावना जाणवली. माहितीपेक्षाही रोजचा नेम मोडल्याचे दुःख मोठे होते, असे या अभ्यासातून दिसते. ही कबुली मोठ्यांनी आढेवेढे घेत दिली. मुलांना असा आडपडदा ठेवण्याचे कारण नव्हते. आपले काय हरवले ते त्यांना अचूक ठाऊक होते: गोष्टीचा पुढचा भाग.

१७ जुलै रोजी संप मिटला आणि अंक पुन्हा दारी येऊ लागले. वर्षअखेरीस ला ग्वार्डिया यांची कारकीर्द संपली. २० सप्टेंबर १९४७ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी हर्स्ट यांच्या रविवारच्या चित्रपुरवणीतील मालिका वाचून दाखवणारा ‘द कॉमिक वीकली मॅन’ हा कार्यक्रम सुरू झाला. लॉन क्लार्क या गुणी नटाचा आवाज त्याला लाभला होता, आणि तो १९५४ पर्यंत चालला. मुलांनी ती पुरवणी समोर पसरून आवाजाबरोबर एकेक चौकट पाहत जावे, अशी त्याची रचना होती. कार्यक्रम उत्तम होता. पण ज्या मुलाच्या घरी ते पत्र येत नसे, त्याच्यासाठी ती एक गोड जाहिरातच होती. तोवर दूरचित्रवाणी घराघरांत शिरू लागली होती. तेथे चित्र स्वतःच हलते, स्वतःच बोलते. वाचून दाखवणाऱ्याची जागाच उरली नाही. शहराच्या मालकीचे ते नभोवाणी केंद्रही १९९७ साली महानगरपालिकेकडून स्वतंत्र झाले.

या साऱ्या इतिहासाकडे एकत्र पाहता असे दिसते, की मुलांपर्यंत गोष्ट पोहोचवण्याची साधने प्रत्येक पिढीत वाढत गेली. रंगीत छपाई आली, रेडिओ आला, पडदा आला. साधन जितके प्रभावी, तितकी त्यामागची गुंतवणूक मोठी, आणि गुंतवणूक मोठी, तितकी परताव्याची अपेक्षाही मोठी. आज मुलाच्या हातातला छोटा पडदा त्याला अहोरात्र गोष्टी सांगतो. पण तो त्याच्याकडून वेळ, लक्ष आणि आवडीनिवडींची नोंद मागून घेतो. ओव्हलटिनच्या डब्याचे सील त्या मानाने फारच निरुपद्रवी होते.

म्हणूनच ते दोन रविवार आम्हांला मोलाचे वाटतात. जाहिरात नसलेल्या एका सार्वजनिक केंद्रावरून, शहराच्या प्रथम नागरिकाने, शहराच्या सर्वांत लहान नागरिकांना त्यांच्या वाट्याचा कागद वाचून दाखवला. त्यांच्याकडून त्याला काही विकत घ्यायला लावायचे नव्हते. मुलांचा आनंद ही सार्वजनिक जबाबदारी असू शकते, पाणी आणि रस्ते यांच्याइतकीच, एवढे त्याने कृतीने सांगितले. अशा वाचनाला महापौरच लागतो असे नाही. घरातल्या कोणाही शहाण्या माणसाला ते जमते. फक्त समोरच्या मुलाकडून काही परत मिळवण्याची घाई असू नये.